‘तुमच्यात असं का करतात?’

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की घाट चढून वर आल्यावर मांजरसुंब्याचा चौक लागतो. इथून एक रस्ता नेकनूर, केज करत अंबाजोगाईला जातो, दुसरा पाटोदा, जामखेडवरून अहिल्यानगरला, आणि मोठा रस्ता चौसाळा, येरमाळा, तुळजापूर करत सोलापूरला. चहाच्या टपरीवर जरा वेळ बसलं तरी महाराष्ट्रातले निम्मे देवधर्म समोरून जातात. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून ज्योत घेऊन पळणारी मंडळांची पोरं, श्रावणात परळीच्या वैजनाथाला निघालेले, गहिनीनाथगडाचे भाविक, बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसाहून परतणारे, निळा झेंडा लावलेली एखादी जीप. आणि कार्तिक लागला की पताका घेऊन पायी येणारे लिंगायत भाविक. त्यांना पौर्णिमेपर्यंत जवळच्या कपिलधारला पोचायचं असतं, मन्मथस्वामींच्या समाधीला.

एवढी माणसं एका बाकड्यावर बसली की प्रश्न निघणारच. समजा, दिंडीतले एक मामा चहा पिताहेत. कपबशा उचलायला आलेलं पोरगं त्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बघतं आणि विचारतं, “मामा, गळ्यात काय हाय ओ? ताईत का?”

आता मामा काय म्हणतील? एक मामा तापतात. “ताईत म्हणतो व्हय रं? कळतं का काही?” दुसरे मामा बाराव्या शतकापासून सुरू करतात. कल्याण, महात्मा बसवण्णा, अनुभवमंटप, शरण-शरणी, सगळं ओघवतं आणि खरं. पण तोवर पोरगं पुढच्या टेबलाला गेलेलं असतं. तिसरे म्हणतात, “असतंय आमच्यात,” आणि बशीत चहा ओततात. चौथे मामा डबीला हात लावून सांगतात, “हे इष्टलिंग. आमचा देव आम्ही अंगावर बाळगतो. अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. मी लहान होतो तवा आमच्या जंगमांनी, म्हणजे गुरूंनी, घातलं.”

चौथ्या मामांचं उत्तर चार वाक्यांत संपलं. पोराला आणखी काही हवं असेल तर ते विचारील. नसेल तर ताईत आणि इष्टलिंग यांतला फरक घेऊन ते भांडी विसळायला जाईल. मला या लेखात सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या चार वाक्यांत आहे. जे विचारलं त्याचंच उत्तर द्यावं, आणि आपण कुणाच्या वतीनं बोलतोय ते उत्तरातच कळू द्यावं. ऐकायला सोपं वाटतं. पण धर्माचा विषय निघाला की आपल्यातले शहाणेसुरते लोकही विचारलेला प्रश्न सोडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. ‘गळ्यात काय आहे’ असं विचारलं तर ‘आमचा धर्म किती थोर आहे’ हे सांगतात. ‘तुम्ही रोज्यात पाणीही पीत नाही का’ असं विचारलं तर ‘आम्हाला कुणी कमी समजू नये’ हे.

विचारतोय की टोचतोय

उत्तर बिघडतं ते बहुतेक वेळा संशयानं. आपल्याला वाटतं, हा मुद्दाम विचारतोय. कधीकधी ते खरंही असतं. पण ओळखायचं कसं?

प्रश्न चुकीच्या शब्दांत आला म्हणून तो खोडसाळ ठरत नाही. इष्टलिंगाला ताईत म्हणणारा, भंतेजींना ‘तुमचे महाराज’ म्हणणारा, नमाजाला ‘तुमची आरती’ म्हणणारा माणूस अडाणी असेल. पण त्याच्याजवळ होते तेवढेच शब्द त्यानं वापरले. शब्द दुरुस्त करून उत्तर द्यावं, शब्दावरून भांडू नये. बघायचं ते त्याचे डोळे कुठं आहेत. ज्याला खरंच जाणून घ्यायचंय तो तुमच्याकडं बघतो, थांबतो, आणि त्याचा पुढचा प्रश्न तुमच्या उत्तरातून निघतो. टोचणारा तुमच्याकडं कमी आणि भोवतीच्या मंडळींकडं जास्त बघतो, आणि त्याचा पुढचा बाण तुमचं उत्तर संपायच्या आधीच तयार असतो.

शंका असेल तेव्हा प्रश्न सरळ आहे असं धरून चालावं, असं माझं मत आहे. फार तर काय होईल? दोन वाक्यं वाया जातील. उलट बाजूनं चूक झाली तर मनापासून विचारणारा माणूस आयुष्यभर गप्प बसतो आणि आपल्याबद्दल जे काही ऐकीव असेल त्यावरच भागवतो. टोचायला आलेल्याशीही बोलणं पुढं सरकू शकतं. पैठणच्या एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड बघा. दोघंही सुरुवातीला एकमेकांच्या देवाची, पूजेची, रिवाजांची यथेच्छ टर उडवतात. आज कुणी तसं जाहीर बोललं तर पोलीस ठाण्यात गर्दी होईल. पण शेवट समेटावर येतो. सोळाव्या शतकात नाथांना हा संवाद रचावासा वाटला, यावरून प्रश्न तेव्हाही याच सुरात विचारले जात असणार.

एक प्रश्न मात्र वेगळा काढायला हवा, आणि तो आपल्याकडं सर्रास चालतो. “तुमचं कुलदैवत कोणतं?” “तुम्ही कुठल्या देवाला जाता?” “गौरी उभ्या करता का बसवता?” वरून बघितलं तर श्रद्धेचे प्रश्न. पण खोली भाड्यानं बघायला गेलेल्या विद्यार्थ्याला घरमालक हे विचारतो तेव्हा त्याला देवाशी काही घेणं नसतं. त्याला जात काढायची असते, आणि आडनावावरून अंदाज बांधता आलेला नसतो. गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात आडनावावरून माणूस तोलायची खोड इतकी वाढलीय की असे प्रश्न दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीतही कानावर येतात.

अशा वेळी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय; तो धर्म घरमालकाला समजावून सांगायचं बंधन कुठंही घातलेलं नाही. “कशासाठी विचारताय?” हा उलट प्रश्न पुरतो. तो शांतपणे विचारला तर सरळ माणूस कारण सांगतो (“आमच्याकडं यात्रेला येणार का, म्हणून विचारलं”) आणि दुसरा गडबडतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका याहून तिखट बोलतात: “का, सोयरीक जुळवायचीय का?” हसत बोललेलं हे वाक्य फार कामाचं आहे. विचारणाऱ्याचा अपमान होत नाही आणि विषय तिथंच मिटतो.

तेच वाक्य दुसऱ्या तोंडून आलं की अर्थ बदलतो. “तुम्ही गणपती बसवता का रे?” हे वर्गमित्रानं विचारलं, कारण त्याला मोदकाला बोलवायचंय आणि आपलं काही चुकू नये असं वाटतंय, तर बौद्ध घरातल्या मुलानं मोकळं उत्तर द्यावं. “नाही बसवत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमधली तिसरी गौरी-गणपतीबद्दलच आहे. आमच्या घरी ती पाळतात. तुझ्याकडं जेवायला मात्र येतो.” आणि नात्यातल्या एखाद्या घरी गणपती बसत असेल तर तेही सांगायला हरकत नाही. त्यानं प्रतिज्ञेचं काही बिघडत नाही, आणि मित्राला कळतं की ही माणसंही आपल्यासारखीच आहेत, एकाच साच्यातून काढलेली नाहीत.

रीत, श्रद्धा आणि पोथी

धर्माबद्दलच्या कुठल्याही उत्तरात तीन गोष्टींची मिसळ असते. आमच्या घरात काय करतात ती रीत. मला काय वाटतं ती श्रद्धा. आणि ग्रंथात किंवा परंपरेत काय सांगितलंय ती पोथी. यांतली एक दुसरीच्या नावावर खपवली की उत्तर फसतं. सगळ्यात जास्त खपवली जाते ती रीत, पोथीच्या नावावर.

एकादशीचंच घ्या. सून नवी आहे, तिच्या माहेरी एवढं कडक नव्हतं. ती विचारते, “आत्या, भगर चालते, साबुदाणा चालतो, मग भात का चालत नाही?” सासूबाई म्हणतात, “शास्त्रात सांगितलंय.” आता साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज तिकडं पोचल्यावर तो हळूहळू इकडं आला. बटाटाही तिकडचा, शेंगदाणाही आणि ठेच्यातली मिरचीही. म्हणजे आपल्या उपवासाचं निम्मं ताट ज्ञानेश्वरांच्या काळात या देशातच नव्हतं. कुठल्या शास्त्रात ते असणार? सून शाळा शिकलेली असेल तर हे तिला ठाऊक असतं, आणि मग शास्त्रही पडतं आणि सासूबाईही पडतात. त्याऐवजी “आपल्या घरात पहिल्यापासून असंच आहे, धान्य वर्ज्य, माझ्या सासूनं मला असंच शिकवलं” असं सांगितलं तर ते शंभर टक्के खरं असतं आणि कुणी पाडू शकत नाही. रीत म्हणून सांगितलेली रीत भक्कम उभी राहते. तिला शास्त्राची काठी दिली की ती लंगडी दिसायला लागते.

लिंगायतांना नेहमी विचारला जाणारा दुसरा प्रश्न अंत्यविधीचा. “तुमच्यात जाळत नाहीत ना? पुरतात म्हणं, बसवून?” हा प्रश्न बहुधा मयतीच्या वेळीच निघतो, शेजारी मदतीला आलेला असतो आणि आपल्या हातून काही चुकू नये म्हणून त्याला विचारायचं असतं. उत्तर तिन्ही पातळ्यांवर देता येतं, पण तेव्हा रीत पुरते: “हो, बसलेल्या स्थितीत समाधी देतात. तुम्ही खड्ड्याचं बघा, बाकी स्वामी सांगतील.” श्रद्धेचा भाग, म्हणजे माणूस मेला असं न म्हणता लिंगैक्य झाला असं का म्हणतात, तो दहा दिवसांनी निवांत बोलता येतो. दुःखात असलेल्यानं तत्त्वज्ञान सांगू नये आणि त्याला ते विचारूही नये.

आणि मग येतो तो प्रश्न, ज्याच्यापाशी भलेभले अडखळतात: “तुम्ही हिंदू का लिंगायत?” २०१७-१८ साली या प्रश्नावरून मोर्चे निघाले. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केंद्राकडं केली, केंद्रानं ती मान्य केली नाही, आणि घरोघरी दोन तट पडले. वीरशैव आणि लिंगायत एकच, असं एक म्हणतो. बसवण्णांचा मार्ग मुळातच वेगळा, असं दुसरा. कपिलधारच्या वाटेवर एकाच दिंडीत दोघंही चालत असतात. अशा वेळी “आम्ही लिंगायत असं मानतो” म्हणून साऱ्या समाजाच्या वतीनं निकाल देऊन टाकणं खोटं होतं. “आमच्यातच यावर दोन मतं आहेत. मला अमुक वाटतं. माझा चुलता उलट म्हणतो,” हे उत्तर लांबलचक व्याख्यानापेक्षा जास्त माहिती देतं.

आपल्यातला मतभेद परक्यासमोर कबूल करायला लोक घाबरतात. घरचं भांडण चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं. पण मनापासून विचारणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. “दर्ग्यावर चादर चढवता, म्हणजे तुम्हीही मूर्तिपूजाच करता की?” असं ऑफिसातल्या सहकाऱ्यानं विचारलं, तर बीडचा मुसलमान माणूस शांतपणे सांगू शकतो, “पूजा नाही म्हणत आम्ही त्याला. वलींच्या मजारीवर अदब म्हणून जातात. आणि सगळे जातही नाहीत. अल्लाहशिवाय कुणाकडं मागू नये म्हणून दर्ग्याला अजिबात न जाणारेही आमच्यात खूप आहेत. आमच्या घरी अम्मी जाते, अब्बा जात नाहीत.” या एका शेवटच्या वाक्यानं समोरच्याच्या डोक्यातला ‘ते लोक’ नावाचा गठ्ठा सुटतो. त्याच्याही घरी आई मार्गशीर्षातले गुरुवार धरते आणि वडील धरत नाहीत, हे त्याला आपसूक आठवतं.

नास्तिकांनाही हेच लागू. “देव मानत नाही तर दिवाळी कशाला करता?” या प्रश्नाला “फराळ आवडतो आणि आईला बरं वाटतं” हे पुरेसं प्रामाणिक उत्तर आहे. कार्यकारणभाव नंतर.

नातीचा प्रश्न

परक्याला उत्तर देणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा घरात होते, कारण घरचं पोर एकदाच विचारतं आणि मिळालेलं उत्तर जन्मभर लक्षात ठेवतं.

तेरा वर्षांची नात विचारते, “आज्जी, पाळीत देवाला शिवलं तर काय होतं?” बहुतेक आज्ज्यांचं उत्तर ठरलेलं असतं: पाप लागतं, देव कोपतो, घरात साप निघतो. सापाचं तर विशेष आहे; बालाघाटाच्या डोंगरात पावसाळ्यात साप तसाही निघतोच, त्यामुळं हे भाकीत हमखास खरं ठरतं. पण पोरगी प्रश्न विचारत होती आणि तिला मिळाली भीती. तिनं पुढं विचारायचं बंद केलं तर आज्जीला वाटतं, समजलं तिला.

इथंही रीत, श्रद्धा, पोथी वेगळी करून बघा. आज्जी खरंखरं बोलली तर म्हणेल, “मला माझ्या आईनं सांगितलं, मी पाळलं. देव कोपलेला काही मी बघितला नाही. तेवढेच चार दिवस बसायला मिळायचं, हेही खरं.” आणि पोथीचं काय? पोथी या बाबतीत आज्जीच्या समजुतीएवढी एकमुखी नाही. लिंगायत परंपरेत पाच सुतकं मानायची नाहीत असा सिद्धांत आहे, आणि त्यांत पाळीचा विटाळही येतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या भोवती जमलेल्या बायकांपुढंही हा विषय आला होता, आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या बाकीच्या मळासारखाच तो एक, असं धरून स्वामींनी विटाळाची कल्पना मोडीत काढली. आता सिद्धांत असा असूनही कितीतरी लिंगायत घरांत पाळीत कोपऱ्यात बसवतात, हे आपण सगळे जाणतो. मग नातीला हे सगळंच सांगावं. आपली रीत अशी आहे, पोथी असं म्हणते, आणि माझं मन अजून धजत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. तिनं पुढं काय करायचं ते ती ठरवील, आणि तिनं वेगळं ठरवलं तर तिच्या ताटात वाढताना तोंड फिरवू नये.

महानुभावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण धर्माविषयी मनापासून विचारणं आणि सांगणं याचा मराठीतला सगळ्यात जुना आणि जिवंत दाखला तिथं आहे. महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण शाळेत शिकतो; पण तिच्या पंथात तिची ओळख सतत विचारणारी बाई अशी होती. तिच्या शंकांना कुणी उद्धटपणा म्हटलं नाही, उलट त्या शंका आणि त्यांची उत्तरं जपून ठेवली. स्वामींच्या मागं म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जुळवलं तेही अशाच विचारपुशीतून: ज्यानं पाहिलं त्याच्याकडं जायचं, त्याला विचारायचं, आणि एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा आठवत असेल तर दोन्ही आठवणी नोंदवायच्या. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना ‘आमच्यातच दोन मतं आहेत’ हे लिहून ठेवायची लाज वाटली नाही.

त्याच पंथाच्या ‘स्मृतिस्थळा’त आणखी एक प्रसंग आहे. दोन पंडितांनी नागदेवाचार्यांना संस्कृतात काही विचारलं. आचार्यांनी त्यांना सांगितलं की तुमचं हे मला कळत नाही, मला स्वामींनी मराठीत सांगितलंय, मराठीत विचारा. विचारणाऱ्याला कळेल अशा भाषेत उत्तर द्यावं, हे तर आहेच. पण याची दुसरी बाजू आज जास्त लागू पडते. चहाच्या टपरीवरच्या पोराला ‘सगुण-निर्गुण’, ‘षट्स्थल’, ‘तौहीद’, ‘प्रतीत्यसमुत्पाद’ ऐकवणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर टाळत असतो. स्वतःला नीट उमगलेलं असलं की ते साध्या बोलीत येतं. येत नसेल तर “मला एवढं माहीत नाही, आमच्या स्वामींना विचारून सांगतो” असं म्हणावं, आणि खरंच विचारून सांगावं. ‘माहीत नाही’ म्हटल्यानं धर्म बुडाल्याचं अजून तरी कुणी पाहिलेलं नाही.

पटलं नाही तर

सांगून झालं. समोरचा म्हणाला, “मला नाही बुवा पटत.” इथं बऱ्याच जणांचा तोल जातो. त्यांना वाटत असतं की समजावून सांगितलं म्हणजे पटायलाच हवं. खरं तर त्यानं विचारलं होतं तुम्ही असं का करता; मीही तसंच करू का, हे त्यानं विचारलंच नव्हतं. गीतेचे अठरा अध्याय अर्जुनाला समजावून झाल्यावर श्रीकृष्णानं अखेर त्याला सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर, असंच सांगितलं. आपलं सांगणं त्याहून भारी नाही. “बरं, तुमच्यात कसं असतं?” असं विचारून चहा सांगावा.

समजावण्याच्या उत्साहात आपला धर्म मोठा दाखवायला दुसऱ्याचा लहान करायचा मोह फार होतो. “आमच्यात तुमच्यासारखं नसतं” या वाक्यानं सुरू झालेलं उत्तर कधी चांगल्या जागी पोचत नाही. महात्मा फुल्यांनी धर्मावर कोरडे ओढले तसे कुणीही ओढले नसतील. पण त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापून आलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ उघडलं तर ते प्रश्नोत्तरांत मांडलेलं दिसतं. विचारणारे शंका काढतात, जोतीराव उत्तर देतात, पुन्हा शंका येते. एवढ्या ठाम माणसालाही समोर विचारणारा हवासा वाटला.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात सांगतो. गावच्या ग्रुपवर धर्माचा प्रश्न आला, अगदी भाबडा असला, तरी तिथं उत्तर देऊ नये. फोन करावा किंवा भेटावं. ग्रुपवर तुमचं उत्तर विचारणाऱ्याखेरीज सगळे वाचतात, आणि त्यातलं अर्धं वाक्य कापून दुसऱ्या ग्रुपवर जातं. कुणी बोलत असताना मोबाईल समोर धरून व्हिडिओ काढू लागला तर “आधी तो खाली ठेव, मग बोलू” म्हणावं. कायद्याच्या भाषेतही हेतूला महत्त्व आहे. १९२७ पासून दंडसंहितेत असलेलं २९५-अ आणि १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत त्याच्या जागी आलेलं २९९ हे कलम लागतं ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावण्याला. मनापासून विचारलेली शंका त्यात बसत नाही. पण कापलेल्या व्हिडिओत हेतू दिसत नाही, आणि ठाण्यात जाऊन तो सिद्ध करत बसण्यात कुणाचाच दिवस चांगला जात नाही.

विचारणाऱ्यांनो

तुम्हाला विचारायचं असेल तर आधी वेळ बघा. पंगतीत, मयतीत, पूजा चालू असताना किंवा नमाजाला निघालेल्या माणसाला वाटेत अडवून विचारू नका. ‘का’ ऐवजी ‘कसं’नं सुरुवात केली तर माणूस लवकर मोकळा होतो. “हे का करता?” म्हटलं की तो आपला बचाव मांडायला लागतो, “हे कसं करता?” म्हटलं की तो दाखवायला लागतो, आणि दाखवता दाखवता ‘का’ही सांगून जातो. “मी ऐकलंय की तुमच्यात...” असं म्हणून ऐकीव गोष्ट त्याच्या गळ्यात बांधू नका. ऐकलेलं असेलच तर “हे खरं आहे का, मला माहीत नाही” एवढी जोड द्या. आपल्याच धर्माचा माणूस असला तरी तो तुमच्या घरच्यासारखंच करत असेल असं धरू नका. माळकऱ्यांच्या दोन घरांतही तऱ्हा निराळी असते. आणि त्यानं सांगितल्यावर लगेच “पण शास्त्रीयदृष्ट्या...” म्हणून सुरू होऊ नका. तसं करायचंच असेल तर ती शंका नव्हती, वाद होता, आणि ते आधी सांगून टाकणं बरं.

कार्तिकात या बाजूला आलात तर कपिलधारला जरूर उतरा. बालाघाटात तोवर सीताफळांचा हंगाम सरत आलेला असतो, पण रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायका अजून दिसतात. दरीत मन्मथस्वामींची समाधी आहे, पाऊस बरा झाला असेल तर धबधबाही चालू असतो. स्वामी सोळाव्या शतकातले, आणि त्यांनी ‘परमरहस्य’ मराठी ओव्यांत लिहिलं, ते भाविकांच्या घरी आजही वाचलं जातं. यात्रेतली माणसं पाय दुखत असतात तरी बोलायला राजी असतात, फक्त ती बसलेली असताना विचारा, चालत असताना नको. समाधी कुणाची, पायी किती दिवस चाललात, इष्टलिंगाची पूजा कशी करता, वेगळ्या धर्माच्या मागणीबद्दल तुमचं काय मत, सगळं विचारा. वेगवेगळी उत्तरं मिळतील. डबी उघडून दाखवा म्हणू नका, आणि कुणी आपणहून उघडली तर लांबूनच बघा. तो त्यांचा देव आहे आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची रीत नाही.